घोटभर पाणी, मूठभर कचरा

पाणी ही वस्तू नेण्याआणण्यास मोठी गैरसोयीची आहे. ते जड असते, त्याला स्वतःचा आकार नसतो आणि जरा कुठे फट मिळाली की ते निसटते. त्यामुळे माणसाने शक्य तोवर पाणी बरोबर नेण्याचे टाळले. वस्ती नदीकाठी केली, वाटेवर विहिरी खणल्या, धर्मशाळेत आड ठेवला. चैत्र लागला की गावोगाव पाणपोया उभ्या राहत. वाळूवर ठेवलेला रांजण, त्यावर ओले फडके, शेजारी लांब दांड्याचे ओगराळे, एवढाच काय तो सरंजाम. वाटसरू तेथे थांबे, ओंजळीने किंवा पेल्याने पाणी पिई आणि पुढे जाई. मागे उरत असे ती फक्त चिखलाची ओल.

आज सातारा किंवा सांगलीच्या एस. टी. स्थानकावर पंधरा मिनिटे उभे राहून पाहा. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात किंवा पिशवीत काहीतरी पेय आहे. कोणाकडे पाण्याची बाटली, कोणाकडे थंड पेयाची, लहान मुलाच्या हातात नळी खुपसलेला फळांच्या रसाचा खोका, वाहकाच्या हातात चहाचा कागदी कप. उसाचा रससुद्धा पिशवीत बांधून मिळतो आणि कार्यालयात चहा पातळ पिशवीतून येतो. पूर्वी माणूस पेयापाशी थांबत असे, आता पेय माणसाबरोबर चालते. या बदलाची एक किंमत आहे. पेय पोटात जाते आणि त्याचे वेष्टन मागे उरते. हे वेष्टन कशाचे असते, ते जाते कुठे आणि आपल्या शाळेत त्याविषयी काय करता येईल, हे या लेखात पाहू.

रांजण थंड कसा राहतो?

थांबण्याची सवय टिकली होती, तिच्यामागे थोडे विज्ञानही होते. मातीच्या रांजणाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते रांजणातल्या पाण्याकडूनच घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता खर्च होते. एक लिटर पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ४२०० ज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे २० लिटरचा रांजण एक अंशाने थंड व्हायला फक्त ३५ ग्रॅम, अर्थात सातेक चमचे पाणी उडून जावे लागते. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत हे काम झपाट्याने होते, महाबळेश्वरच्या पावसाळी दमट हवेत ते जवळपास थांबते.

उन्हात फिरणाऱ्या माणसाला थंड पाणी हवे असेल तर रांजणापाशी थांबणे भाग होते. गळ्यात अडकवलेल्या बाटलीतले पाणी तासाभरात कोमट होई. पुढे प्रत्येक टपरीवर शीतकपाट आले आणि थंड पाणी बाटलीतून विकत मिळू लागले. रांजणाची ओढ कमी झाली ती अशी.

पाणी बरोबर नेण्याची पद्धत पूर्वी अजिबात नव्हती असे मात्र नाही. प्रवासात फिरकीचा तांब्या असे, बैरागी वाळवलेला भोपळा वापरीत, पखालीतून पाणी वाहिले जाई. शेतावर न्याहारीबरोबर ताकाची चरवी जात असे. पण यांतले प्रत्येक भांडे घरी परत येई. तांब्या फेकून द्यायचा, ही कल्पनाच कोणाला सुचली नसती.

परत जाणारी बाटली

विकतच्या पेयांनाही हाच नियम लागू होता. गोटी सोड्याची बाटली आठवा. हायरम कॉड या इंग्रज माणसाने तिचे पेटंट १८७२ साली घेतले. बाटलीच्या मानेत काचेची गोटी असते आणि तोंडाशी रबराची चकती. आतल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने गोटी चकतीवर घट्ट बसते, म्हणजे पेय स्वतःच आपले बूच लावून घेते. या बाटलीला वेगळे बूच नाही आणि फेकण्यासारखे काही नाही. गिऱ्हाईक उभ्याने सोडा पिई आणि बाटली जागेवर ठेवून जाई.

कारखान्यातली शीतपेयेही काचेच्या बाटलीत, २४ बाटल्यांच्या खोक्यातून येत. बाटली घरी न्यायची तर दुकानदाराकडे अनामत ठेवावी लागे. त्या काचेला किंमत होती, म्हणून ती रस्त्यावर पडत नसे, चुकून पडलीच तर दुसरे कोणीतरी उचलून दुकानात देई. १९९० नंतरच्या दशकात बाजार खुला झाला, १९७७ साली देश सोडून गेलेली कोका-कोला १९९३ साली परत आली, गावोगाव पेये पोचवण्याची चढाओढ लागली आणि हलकी, न फुटणारी, परत न घ्यावी लागणारी बाटली सर्वांनाच सोयीची वाटू लागली. बाटलीबंद पाणी भारतात त्याआधीच, १९६५ साली मुंबईत काचेच्या बाटलीतून विकायला सुरुवात झाली होती. पण ते सामान्य माणसाच्या हातात आले ते प्लास्टिकच्या बाटलीतून.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या बाटलीने दुकानदाराचे परत घेण्याचे काम वाचवले. ते काम नाहीसे झाले नाही, ते फक्त दुसऱ्याच्या माथी गेले. आज ते नगरपालिकेचा सफाई कामगार करतो, भंगार गोळा करणारी बाई करते किंवा नदी करते.

या बाटलीची करणी

पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याचे नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, थोडक्यात पेट. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी ते प्रथम तयार केले, तेही कापडाच्या धाग्यासाठी. आपण ज्याला टेरिलीन किंवा पॉलिएस्टर म्हणतो तोच हा पदार्थ. त्याची बाटली करण्याची युक्ती अमेरिकेतल्या नॅथॅनिएल वायथ यांना सापडली आणि १९७३ साली तिचे पेटंट मिळाले.

शीतपेयाच्या बाटलीत वायूचा दाब वातावरणाच्या तीन-चार पट असतो. साध्या प्लास्टिकची बाटली या दाबाने फुगते. वायथ यांची युक्ती अशी की, आधी परीक्षानळीसारखी जाड, आखूड नळी ओतायची, ती तापवून मऊ करायची आणि साच्यात हवा भरून उभी आणि आडवी अशी दोन्ही दिशांनी ताणायची. ताणल्यामुळे रेणूंच्या लांब साखळ्या एका ओळीत येतात आणि पातळ भिंतही बळकट होते. बाटलीचे आटे असलेले तोंड मात्र ताणलेले नसते. म्हणून ते जाड आणि कडक लागते, बोटांनी दाबून पाहा.

करून पाहा: रिकाम्या बाटलीत शिक्षकांनी स्वतः, मुलांना दूर उभे करून, उकळी फुटलेले पाणी हळूहळू ओतावे. बाटली आक्रसते आणि वेडीवाकडी होते. सुमारे ७० ते ७५ अंशांना पेट मऊ पडते आणि ताणून बसवलेल्या साखळ्या आपल्या मूळ गुंडाळलेल्या स्थितीकडे परततात. तोंडाचा भाग मात्र फारसा बदलत नाही. या बाटलीत गरम चहा का नेऊ नये, याचे उत्तर मुलांना समोरच दिसेल.

एक बाटली, दोन-तीन प्लास्टिके

आता दुसरा प्रयोग. बाटलीच्या भिंतीचा, बुचाचा आणि वेष्टनपट्टीचा एकेक लहान तुकडा कापून पाण्याच्या वाटीत टाका आणि बोटाने दाबून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून टाका. भिंतीचा तुकडा बुडेल, बूच तरंगेल. पेटची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट आहे, तर बूच ज्या पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे असते त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९ ते ०.९५ पट. वेष्टनपट्टी कशाची आहे यावर ती बुडते की तरंगते हे ठरते. पुनर्वापराच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडून बूच आणि भिंत याच तत्त्वाने वेगळी करतात.

याच प्रयोगातून नदीतल्या बाटलीचे वर्तनही कळते. बूच लावलेली रिकामी बाटली ही हवेने भरलेली होडी असते, ती कितीही लांब वाहत जाते. बूच नसलेली बाटली पाण्याने भरते आणि तळाशी जाऊन गाळात रुतते. काठावरून नदी स्वच्छ दिसत असेल तरी तळ स्वच्छ असेलच असे नाही.

पेटच्या बाटलीचे एक चांगले आहे. तिला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती वेचली जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या २०१७ च्या अभ्यासात भारतातल्या दहापैकी सुमारे नऊ बाटल्या कोणत्या ना कोणत्या मार्गाने पुन्हा वापरात येतात असे आढळले. हे श्रेय कोणत्याही योजनेपेक्षा भंगार वेचणाऱ्या हातांचे अधिक. पण त्या बाटलीची बहुधा पुन्हा बाटली होत नाही. तिचा धागा होतो, सतरंजी होते, उशीतला कापूस होतो. त्या वस्तू पुढे कचऱ्यातच जातात. शिवाय वेचणारा माणूस जिथे पोचत नाही तिथली बाटली तिथेच राहते. घाटाच्या उतारावर आणि पठारावर नेमकी हीच स्थिती असते.

ज्यांना कोणी उचलत नाही

बाटलीपेक्षा अवघड प्रश्न लहान वेष्टनांचा आहे.

कागदी कप नुसत्या कागदाचा असता तर चहाने भिजून गळाला असता. त्याच्या आतल्या बाजूला पॉलिएथिलीनचा पातळ थर असतो. एक कप धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी कागदाचा लगदा चोळून काढला की हातात पारदर्शक पापुद्रा राहील. कागद आणि प्लास्टिक असे चिकटलेले असल्याने साध्या कागद कारखान्याला हा कप नको असतो आणि प्लास्टिकवाल्यालाही नको असतो. खरगपूरच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंश तापमानाचे पाणी १५ मिनिटे ठेवून पाहिले, तेव्हा १०० मिलिलिटर पाण्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेल्या अशा कप-थाळ्यांवर बंदी घातली.

फळांच्या रसाचा खोका याहून गुंतागुंतीचा. त्यात साधारण तीन-चतुर्थांश वजन जाड कागदाचे, पाचवा हिस्सा पॉलिएथिलीनचा आणि सुमारे पाच टक्के ॲल्युमिनियमचा असतो. कागद आकार देतो, ॲल्युमिनियम हवा आणि प्रकाश अडवतो, पॉलिएथिलीन सगळे सांधते. रस महिनोन्‌महिने टिकतो तो यामुळेच. पण एकमेकांत गुंतलेले हे थर सोडवायला खास यंत्रे लागतात आणि ती तालुक्याच्या गावी नसतात.

चहाची आणि रसाची पातळ पिशवी तर हातात धरवत नाही एवढी हलकी. किलोभर होण्यासाठी शेकडो पिशव्या गोळा कराव्या लागतील, त्याही ओल्या आणि चिकट. कोण वेचणार? यातून एक सोपा नियम निघतो: वेष्टन जितके लहान, पातळ आणि मिश्र, तितका त्याला भाव कमी, आणि जितका भाव कमी तितके ते जमिनीवर अधिक काळ पडून राहते.

कृष्णेच्या वाटेने

सातारा आणि सांगली हे जिल्हे एका नदीने बांधलेले आहेत. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते, धोमच्या जलाशयातून वाईला येते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला पोटात घेते. पुढे कर्नाटकात ती अलमट्टीच्या जलाशयात पोचते. उताराचा नियम साधा आहे. वरच्या माणसाने टाकलेले खालच्या माणसाच्या दारात येते. सांगली-मिरज शहराचे पिण्याचे पाणी कृष्णेतूनच उचलले जाते.

कासच्या पठाराचे उदाहरण घ्या. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे पठार जांभ्या खडकाचे आहे. त्यावर मातीचा अगदी पातळ थर आणि पावसाळ्यात साचणारी उथळ डबकी असतात. या ओलसर, खतहीन जमिनीत सीतेची आसवे ही कीटक खाणारी चिमुकली वनस्पती वाढते, गेंदाची पांढरी फुले डोलतात. या उथळ जमिनीत बाटली पुरली जाऊन दिसेनाशी होत नाही, तिथेच राहते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिचा चुरा होतो, पण तो कुजत नाही. शिवाय पडलेली बाटली हा एक सापळाच असतो. निमुळत्या तोंडातून आत गेलेला किडा किंवा चिचुंद्रीसारखा लहान प्राणी गुळगुळीत भिंतीवरून परत चढू शकत नाही. ब्रिटनमध्ये फेकलेल्या दुधाच्या बाटल्यांत अडकून मेलेल्या लहान सस्तन प्राण्यांची नोंद १९६५ सालीच झाली होती.

यातली गंमत अशी की, कासचा तलाव हा सातारा शहराच्या पाणीपुरवठ्याचा जुना आधार आहे. म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या डोंगरावर आपण बाटलीतले विकतचे पाणी घेऊन जातो आणि बाटली तिथे ठेवून येतो.

खाली सांगलीत हा हिशेब पुराच्या वेळी मांडला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींवर, कुंपणांवर आणि गटारांच्या तोंडाशी काय लटकते, हे सांगलीकरांना सांगायला नको. प्लास्टिकने तुंबलेले गटार पुराला कारण ठरत नाही, पण पाणी निचरायला वेळ लावते आणि डासांना जागा देते. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच पुरात छपरावर अडकलेल्या माणसांना बाटलीबंद पाण्यानेच तारले. चोहीकडे पाणी आणि पिण्याला थेंब नाही, अशा वेळी बाटली ही देणगीच होती. दोष बाटलीचा नाही. संकटासाठी योग्य असलेली वस्तू आपण रोजच्या सवयीसाठी वापरू लागलो, प्रश्न तिथे आहे.

तहान किती आणि कोणाची?

पाणी सतत बरोबर हवे, दर थोड्या वेळाने घोट घेतलाच पाहिजे, असा एक समज पसरला आहे. शरीराची व्यवस्था याहून शहाणी आहे. रक्तातल्या क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढले की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला ते कळते, तहान लागते आणि मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. दिवसाला लागणाऱ्या पाण्याचा बराच भाग जेवणातूनच येतो. आमटी, भाजी, ताक, भात या सर्वांत पाणी आहे. निरोगी माणूस तासाभराच्या प्रवासात पाण्याविना कोरडा पडत नाही.

पण हा हिशेब सावलीत बसणाऱ्याचा झाला. गळीत हंगामात उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या मजुराच्या अंगातून भर उन्हात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. त्याला पाणी बरोबर न्यावेच लागते. फडावर जाऊन पाहिले तर ते बहुधा तेलाच्या जुन्या डब्यात किंवा कॅनमध्ये दिसेल, वर्षानुवर्षे वापरलेल्या. ज्याला पाण्याची खरी गरज आहे तो भांडे फेकत नाही, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

शाळेपुरता विचार केला तर उलटा प्रश्न अधिक गंभीर आहे. स्वच्छतागृह नीट नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, बाटली भरलेलीच घरी परत नेतात. केरळमधील काही शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली आणि ती कल्पना इतर राज्यांतही गेली. घंटा चांगलीच आहे, पण तिच्या जोडीला कडी लागणारे स्वच्छतागृह हवे.

मिरजेचा हिशेब

पाणी लांब न्यावेच लागले तर कसे न्यावे, याचा मोठा दाखला सांगली जिल्ह्यातच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला भीषण पाणीटंचाई होती. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवले गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली.

आता कल्पना करा की, हेच पाच लाख लिटर पाणी लिटरच्या बाटल्यांतून पाठवले असते. एक बाटली सुमारे २० ग्रॅमची धरली तर पाच लाख बाटल्यांचे वजन १०,००० किलो, म्हणजे दहा टन होते. एक किलो पेट तयार करायला, कच्च्या मालातली ऊर्जा धरून, ढोबळमानाने ८० मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका बाटलीला १.६ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ५० मिलिलिटर पेट्रोलमधली ऊर्जा झाली. पाच लाख बाटल्यांना पंचवीस हजार लिटर पेट्रोलइतकी! रेल्वेच्या टाक्या मात्र लातूरला रिकाम्या होऊन मिरजेला परत आल्या आणि पुन्हा भरल्या. भांडे परत येते की नाही, सारा फरक एवढ्याच गोष्टीने पडतो.

पोलादी बाटलीलाही हाच हिशेब लावावा, तिला सूट देऊ नये. २०० ग्रॅमच्या पोलादी बाटलीला सुमारे ११-१२ मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे सात पेट बाटल्यांइतकी. सात वेळा वापरली की तिची फेड झाली, त्यानंतरची वर्षे जवळजवळ फुकटची. पण दर सहा महिन्यांनी नव्या रंगाची बाटली घेऊन जुनी माळ्यावर टाकली, तर हा फायदा आटत जातो.

वाट कोणती?

पहिली वाट म्हणजे बाटलीला पुन्हा किंमत देणे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटलीवर पुनर्खरेदीची किंमत छापावी आणि रिकामी बाटली परत घ्यावी अशी तरतूद होती. आपल्या गावच्या दुकानात रिकामी बाटली घेऊन जा आणि काय उत्तर मिळते ते पाहा. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर अनामत घेतात, ती आज २५ सेंट आहे आणि तिथल्या जवळजवळ सर्व बाटल्या परत येतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. गोटी सोडेवाला तेच करीत होता.

दुसरी वाट मर्यादेची. सिक्कीम राज्याने १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. तिसरी वाट वर्गीकरणाची. तीत आपले कऱ्हाड मागे नाही. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत ते देशात पहिले आले. पण वर्गीकरण हे बाटली जन्मल्यानंतरचे काम आहे.

चौथी वाट विश्वासाची आणि ती सर्वांत महत्त्वाची. लोक बाटली घेतात कारण नळाच्या पाण्यावर त्यांचा भरवसा नसतो, आणि ही शंका नेहमीच चुकीची असते असे म्हणता येत नाही. भरवसा उपदेशाने येत नाही, तपासणीने येतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओ. टी. चाचणीचे साहित्य असते. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर टी. सी. एल. पावडरचे प्रमाण कमी पडले आहे. लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे सुरक्षित मानतात. हे द्रावण मुलांच्या हाती देऊ नये. जलसुरक्षकाला शाळेत बोलावून त्यांच्याकडून चाचणी करून घ्यावी आणि निकाल तारखेसह फळ्यावर लिहावा. ज्या शाळेच्या फळ्यावर रोज पाण्याचा निकाल असतो, त्या शाळेत विकतची बाटली आणावीशी वाटणार नाही.

शाळेसाठी एक आठवड्याचा प्रकल्प

१. सोमवारी शाळेच्या व परिसराच्या कचऱ्यातली पेयांची वेष्टने हातमोजे घालून वेगळी करा: बाटल्या, खोके, कप, पिशव्या, नळ्या. प्रत्येक प्रकाराची संख्या व वजन लिहा.

२. भंगारवाल्याला विचारा, यांतले काय घेणार आणि कोणत्या भावाने? 'घेणार नाही' असे ज्याविषयी म्हणेल त्याची वेगळी यादी करा.

३. त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे लिहा: हे पेय थांबून, पेल्यातून पिता आले असते का?

४. रसवंती, चहाची टपरी आणि किराणा दुकान येथे जाऊन विचारा, स्वतःचे भांडे आणले तर चालेल का? उत्तरे नोंदवा.

५. सांगली जिल्ह्यातल्या शाळांनी नदीकाठच्या बाटल्यांचे दोन गट करावेत, बूच असलेल्या आणि बूच नसलेल्या. बाटलीच्या प्रयोगावरून काठावर कोणत्या जास्त मिळतील याचा अंदाज आधी बांधा आणि मग मोजा. काठाला जाताना पाणी वाढलेले नसल्याची खात्री करा आणि मोठी माणसे बरोबर ठेवा.

६. शनिवारी गोळा झालेला कचरा शाळेमागे जाळू नका. उघड्यावर जाळलेल्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि वर्गाच्या खिडक्या त्याच बाजूला असतात. भंगारात जाईल ते भंगारात द्या, उरलेले ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या गाडीत द्या आणि ती गाडी पुढे कुठे जाते हे चालकाला विचारा.

प्रकल्पाच्या शेवटी मुले बहुधा विचारतील, "मग सर, बाटली आणायचीच नाही का?" आणायची. पण तीच बाटली उद्याही आणायची, परवाही आणायची. आणि शाळेत पाण्याचा एक रांजण भरून ठेवायचा, रोज घासलेला, झाकलेला, ओगराळे टांगलेला. आषाढात नीरा नदी ओलांडून ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते, तेव्हा दिंडीबरोबर पाण्याचे टँकर असतात आणि अनेक वारकऱ्यांच्या पडशीत स्वतःचा तांब्या असतो. लाखोंच्या समुदायाची तहान अशीही भागते. चारशे मुलांच्या शाळेला ते अवघड जाऊ नये.